शुक्रवारच्या चिंध्या

२ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाला, प्रेशर वाढलंय, मीठ कमी करा आणि मनात काही साठवू नका. मीठ सुटणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून ही वही.

तर मनात काय आहे? बघितलं. फारसं काही नाही.

मी जिनेंद्र मगदूम, वय त्रेचाळीस, मूळ इचलकरंजी, गेली नऊ वर्षं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कापडाच्या गिरणीत छपाई मास्तर. या राजधानीतल्या निम्म्या बायका मी छापलेलं नेसतात. हे वाक्य एकदा सुलोचनाला फोनवर ऐकवलं, तर ती म्हणाली, "निम्म्याच?" बायको इचलकरंजीत आहे, मुलीच्या शाळेसाठी. माझी फिरकी ती तिथून घेते.

आज मुक्तिदिनाचं कापड मशीनवर चढलं. दर वर्षीसारखा मधोमध पापांचा चेहरा. पापा म्हणजे आमचे राष्ट्राध्यक्ष, गादीवर एकतिसावं वर्ष. दार लावलेलं असलं की त्यांना सगळे म्हातारा म्हणतात. फोटो मात्र पहिल्या वर्षीचाच.

"मास्तर, मी नोकरीला लागलो तेव्हा हा माणूस माझ्यापेक्षा थोरला होता," कोकू म्हणाला. "आता कापडावर तो मला धाकटा झालाय."

कोकू माझा ड्रॉइंगवाला. नक्षी काढतो, छपाईच्या जाळ्या बनवतो. असली वाक्यं तो भिंतीकडे बघून बोलतो. मला वाटायचं मानेचा त्रास असेल.

६ फेब्रुवारी

मामा आयेले आल्या होत्या. इथं मामा म्हणजे आई. नऊ वर्षं झाली, तरी हाक मारताना मला सतीशमामा आठवतो, मिशीसकट.

गिरणीचं कापड परस्पर कुणाला मिळत नाही. ते बाजारातल्या ठोक व्यापारी बायकांच्या हातून जातं, आणि त्या सगळ्यांच्या वर मामा आयेले. वय सत्तर, वजन विचारू नये, जुनी मर्सिडीज. कापडाला नाव बाजार देतो. नाव पडलं तर कापड धावतं, नाही पडलं तर गोदामात सडतं. मागच्या साली माझ्या एका सुंदर नक्षीला नाव पडलं "सासू झोपली" आणि सहा आठवड्यांत माल संपला. मी ती मोराची पिसं म्हणून काढली होती.

आज मामा तापलेल्या. आमच्याच नक्षीची नक्कल बोटीनं येतेय, निम्म्या भावात, आणि बंदरावर कुणी गाठोडं उघडून बघत नाही.

"कुणाच्या सहीनं सुटतं हे?" मी विचारलं.

"बंदराच्या छावणीत सही एकाचीच चालते, बाळा. कर्नल बारोमा. त्याच्या मेव्हण्याच्या बोटी आहेत."

"मग तक्रार करा की."

मामा हसल्या. त्या हसल्या की खुर्ची बोलते. "तक्रार कुणाकडे? त्याच्याकडेच?"

गेल्यावर कोकू म्हणाला, मास्तर, मामांना कुणी असं तापवू नये. दहा वर्षांपूर्वी पुलावर पोलिसांनी मासळीवाल्या अडवल्या होत्या. मामांनी म्हाताऱ्या बायका गोळा केल्या, ओळीनं उभ्या केल्या, आणि सगळ्यांनी कमरेच्या कापडाच्या गाठीला हात घातला. बस, हात घातला. आईच्या वयाच्या बाईनं रागानं कापड सोडलेलं ज्यानं बघितलं त्याचं वाटोळं होतं, सात पिढ्यांचं. पोलीस डोळे मिटून पळाले. एक खाडीत पडला.

मी म्हटलं, आमच्याकडे मोर्चा काढतात, निवेदन देतात.

कोकू म्हणाला, "आणि साहेब कुठे पडतो?"

१२ फेब्रुवारी

मन मोठं असावं तर मामा आयेलेंसारखं. ज्याच्या नावानं परवा बोटं मोडली, त्याच कर्नल बारोमाच्या बायकोला आज स्वतः गिरणीत घेऊन आल्या. मादाम बारोमा, उंच टाचा, चष्मा डोक्यावर. कर्नलसाहेबांचा पन्नासावा वाढदिवस, चौदा मार्च. सगळ्या नात्यातल्या आणि मित्रांच्या बायका एकाच कापडात दिसल्या पाहिजेत. चार हजार वार, कर्नलसाहेबांच्या फोटोसकट. बारा तारखेला हातात हवं, शिंपी बसवून ठेवलेत.

इथं एकसारखं कापड नेसल्याशिवाय बारसंही होत नाही, तेव्हा यात नवल नव्हतं.

फोटो गणवेशातला. मादाम म्हणाल्या, "खांद्यावरून एक पट्टा दाखवा. हिरवा, कडा सोनेरी, मध्ये तारा."

मामा म्हणाल्या, "दाखवेल की. आमचा मास्तर हौशी आहे."

त्या गेल्यावर कोकूनं फोटो टेबलावर पालथा घातला.

"मास्तर, हा पट्टा पापांचा आहे."

"बरं मग?"

"देशात असा एकच आहे. एकाच खांद्यावर."

मग मी त्याला समजावून सांगितलं. म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे प्रत्येक चौकात फ्लेक्स लागतो. वाढदिवस असतो बारक्या पोराचा, डोक्याला फेटा, गॉगल, मागे वाघ, आणि खाली लिहिलेलं असतं "भावी आमदार". एकट्या इचलकरंजीत दीडशे भावी आमदार आहेत. कुणी आमदार होत नाही आणि कुणाला अटकही होत नाही. हौस असते माणसाला.

कोकूनं विचारलं, "आणि आत्ता जो आमदार आहे, तो काय करतो?"

"तो स्वतः येतो. केक भरवतो."

"फार छान देश आहे तुमचा," कोकू म्हणाला. "मला तिथं नोकरी बघा."

१५ फेब्रुवारी

सुलोचनाचा फोन. म्हटलं, कर्नलच्या वाढदिवसाचं काम आलंय, चार हजार वार.

"वाढदिवसाला एवढं? अहो, बाराव्या वाढदिवसाला पोरीला फ्रॉक घ्यायला तुम्हाला तीन दुकानं लागली."

"मोठी माणसं आहेत ती."

"आणि पट्टा कसला वो?"

"राष्ट्राध्यक्षांसारखा. हौस."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग म्हणाली, "पासपोर्ट कुठं ठेवलाय तुम्ही?"

बायकांचं डोकं कुठून कुठं जाईल सांगता येत नाही.

१७ फेब्रुवारी

कोकूनं आणखी एक शोध लावला. त्याची मावसबहीण छावणीत स्वयंपाकाला होती. कर्नलचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो, बकरं कापतात.

मी हसलो. माझी खरी तारीख एकोणीस ऑगस्ट, शाळेत गुरुजींनी लावली एक जून. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो. मोठ्या माणसाची तारीख इकडची तिकडे झाली तर त्यात काय!

"मास्तर," कोकू म्हणाला, "मला लेखी द्या, की पट्टा काढायला तुम्ही सांगितलं."

एवढी वर्षं एकत्र काम करून हा माणूस मला लेखी मागतो. दिलं लिहून, रागानं. सहीखाली दोन रेघा ओढल्या.

२० फेब्रुवारी

सोनेरी: लिंबू पिवळा चाळीस, नारिंगी सहा, तपकिरी चिमूटभर. पहिल्या जाळीत पातळ, दुसरीत घट्ट, तिसरीत फक्त कडेची चमक. मशीन हळू.

पट्टा जमला. असा जमला, की कापडाला हात लावला तर रेशीम लागेल असं वाटतं. नऊ वर्षांत असं काम झालं नव्हतं. कर्नलचं नाक थोडं फुगलंय, पण पट्टा!

इथं एक कबुली देऊन टाकतो, वही माझीच आहे. कापडाच्या किनारीवर गिरणीचं नाव छापलेलं असतं. त्या नावाच्या शेवटी, तांदळाच्या दाण्याएवढा, मी "जि" काढतो. देवनागरीत. जिनेंद्रचा जि. नऊ वर्षांत प्रत्येक कापडावर. कोणाला माहीत नाही. लाखो बायकांच्या घोट्यापाशी माझी सही फिरते आणि मी ऑफिसात बसून मनातल्या मनात फुगतो.

यावेळी दाणा थोडा मोठा काढला. शेंगदाण्याएवढा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

चाचणीत साठ वार वाया गेले. हिरवा रंग पदकांत उतरला, मग ताण बिघडला आणि कर्नल तिरळा झाला. शेवटचे दहा-बारा वार मात्र झकास, फक्त काठाला डाग.

आमच्याकडे असलं कापड जाळत नाहीत. पूर्वी जाळायचे. मी आल्यावर नियम केला: चाचणीचं कापड शुक्रवारी दुपारी फाटकावर चिंधीच्या भावानं, वजनावर, गरीब बायांना. इचलकरंजीचा माणूस कापड जळताना बघू शकत नाही. या नियमाचा मला फार अभिमान आहे. माझ्या निरोपाच्या भाषणात कुणीतरी याचा उल्लेख करावा असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

कोकूनं ते साठ वार बाजूला काढून रॉकेलचा डबा आणला होता.

"जाळतोस? एवढा सुंदर पट्टा?"

"मास्तर, हे फाटकाबाहेर जायला नको."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो आणि गाठोडं स्वतः उचलून फाटकावर नेलं. स्वतः. पाठीत उसण भरली.

तिथं मामा आयेले! नऊ वर्षांत पहिल्यांदा शुक्रवारी फाटकावर, चिंध्यांच्या रांगेत, कडक उन्हात. म्हटलं, मामा, तुम्ही इथं?

"डॉक्टर म्हणतो चालत जा, माणसांत जा," त्या म्हणाल्या. सगळ्यांना डॉक्टर लागलेत. मग त्यांनीच गाठोडं सोडलं, ते चांगले बारा वार शोधून वेगळे काढले, आणि आमच्या आकुवीच्या हातात ठेवले. आकुवी फाटकासमोर चवळीची भजी तळते, मी गेली नऊ वर्षं तिच्यावरच जगतोय. पैसेही मामांनीच दिले. गरिबांबद्दल किती कळवळा.

२ मार्च

आकुवी फाटकावर नाही. सकाळी बिस्किटं खाल्ली.

चौकशी केली. तिनं चूल हलवली म्हणे. आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांसमोर बसते, रविवारी पापांची गाडी जिथं थांबते अगदी तिथं. पोलीस तिथं कुत्र्यालाही बसू देत नाहीत, हिला कसं दिलं? मामा आयेलेंनी शब्द टाकला, असं पहारेकरी म्हणाला.

बरं झालं, धंदा वाढवतेय बिचारी. पण माझ्या नाश्त्याचा विचार कुणी करायचा?

४ मार्च



सकाळी कोकू आला आणि म्हणाला, "मास्तर, बाजारानं कापडाला नाव दिलं."

"कुठल्या?"

"कर्नलच्या."

मी टाळीच वाजवली. विक्रीला नाही, दुकानात नाही, आणि तरी नाव पडलं! "काय नाव?"

"आधीच जेवला."

मी हसलो. छान आहे म्हटलं, सुटसुटीत आहे. कोकू हळूच जमिनीवर बसला, रंगाच्या डब्यांच्या मध्ये, आणि लहान मुलाला सांगतात तसं सांगायला लागला. मास्तर, इथं गादीवर बसणं म्हणजे जेवायला बसणं. पट्टा पापांचा. फोटो कर्नलचा. वाढदिवस नाहीच. बारा तारखेला कापड, चौदा तारखेला बायका एकसारखं नेसून कुठंतरी उभ्या राहणार. कुठं उभ्या राहतात बायका एकसारखं नेसून? शपथविधीला. कुणाच्या? आणि त्या दिवशी पापा कुठं असतील?

"सुट्टीवर?" मी म्हणालो.

कोकूनं माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. तेव्हा मला कळलं.

म्हणजे माझ्या बायकोला आठ हजार किलोमीटरवरून पंधरा तारखेला कळलं, मावसबहिणीला कळलं, भजी खाणाऱ्या सगळ्या राजधानीला कळलं, आणि ज्यानं तीन जाळ्या लावून ते छापलं, त्याला आज.

"मग कर्नलच्या बायकोनं आधीच छापायला कसं दिलं?" मी ओरडलो. "कट करतात ना, तो गुपचूप करतात!"

"कट कर्नलचा आहे," कोकू म्हणाला. "नेसणं बायकांचं आहे. ऐनवेळी चार हजार वार कुठून आणणार त्या?"

 छपाईला तीन आठवडे लागतात, हे मीच सगळ्यांना सांगत असतो.

५ मार्च

कॅथेड्रलवर गेलो. सोबत माझ्या सर्वांत महाग कापडाचे सहा वार, निळे, अस्सल.

आकुवी चुलीमागे बसलेली. कर्नल बारोमा तिच्या डाव्या मांडीवर, दुसरा कर्नल उजव्या, पट्टा उन्हात असा चमकत होता की मला भीती वाटायच्या आधी अभिमान वाटला. देवा, मला काय झालंय?

"आकुवी, हे घे आणि ते मला परत दे."

"नेसलेलं कापड मागता, मास्तर?" ती मोठ्यांदा म्हणाली. "भर रस्त्यात? तुमची बायको कुठे आहे सध्या?"

आजूबाजूच्या बाया खिदळल्या. एक म्हणाली, वास घ्यायला हवं असेल. दुसरी म्हणाली, निळ्यावर कुणाचा चेहरा नाही, निळं काय करायचंय.

मी खाली वाकून म्हटलं, "अगं, हे नेसणं धोक्याचं आहे."

"मऊ पडलंय, मास्तर. घासत नाही. भजी घेणार का?"

घेतली. आठ घेतली. समोरच्या पायरीवर दोन पोलीस तीच भजी खात कापडाकडे बघत होते, आणि त्यातला एक दुसऱ्याला किनार दाखवत होता. शेंगदाण्याएवढी जागा, बोटानं.

६ मार्च

कर्नल बारोमा स्वतः आले. प्रत्यक्षात नाक तेवढं फुगलेलं नाही. माझीच चूक होती.

केबिनचं दार लावलं. खुर्चीवर बसले नाहीत. खिशातून चिंधीचा तुकडा काढला, स्वतःचा तिरळा चेहरा टेबलावर पसरला.

"मास्तर, मी दोन दिवस विचार करतोय. तू फार हुशार आहेस."

"नाही हो साहेब."

"मग फार मूर्ख आहेस."

"हो," मी म्हणालो. इतक्या पटकन, की तेही दचकले.

"कुणी सांगितलं हे बाहेर द्यायला?"

"नियम आहे साहेब. शुक्रवारचा."

"कुणाचा नियम?"

"माझा."

त्यांनी चिंधी घडी घालून खिशात ठेवली. मग हात पुढं केला. "पासपोर्ट." ड्रॉवरमध्ये होता, सुलोचनानं विचारल्यापासून हाताशीच ठेवला होता, म्हणजे द्यायला सोपं गेलं. "चौदा तारीख होऊ दे. मग तू कोण आहेस ते बघू. बाकीचं कापड बारा तारखेला छावणीत. एक वारही कमी नको."

गेले. मी बसलो आणि हिशेब मांडला. चौदाला कर्नल जिंकले, तर चिंध्यांसाठी मी मेलो. पापा टिकले, तर चार हजार वारांसाठी मी मेलो. मधली शक्यता शोधत पाच वाजेपर्यंत बसलो. कोकूनं चहा आणला. म्हणाला, "मास्तर, निघून जा. तुमचं गाव तरी आहे."

"पासपोर्ट नेला."

कोकूनं कपाट उघडून माझंच ते रागात लिहिलेलं पत्र काढलं, सहीखाली दोन रेघावालं, आणि माझ्यासमोर फाडलं.

"हे का फाडलंस? तुझा जीव वाचवायला मागितलं होतंस ना?"

"तेव्हा मला वाटलं होतं तुम्हाला कळलंय," तो म्हणाला.

८ मार्च

रेडिओवर सकाळपासून फक्त बँड. बातम्या नाहीत. दुपारी एक ओळ: कर्नल बारोमा औषधोपचारासाठी दीर्घ रजेवर गेले आहेत.

इथं औषधोपचारासाठी गेलेला माणूस परत येत नाही. आणि पुढचे रुग्ण कोण, हे फाटकावर आलेल्या पांढऱ्या गाडीनं विचारलं: "छपाई मास्तर इथंच राहतो का?"

१२ मार्च

चार दिवसांचं एकदम लिहितोय. नखं सोडून सगळं शाबूत आहे, आणि नखं मीच खाल्ली.

खोलीत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर पापा. (मुक्तिदिनाचं कापड, तीन सालापूर्वीचं, लाल थोडा उडालाय. ते लोक पुरावे शोधत होते आणि मी लाल उडालेला बघत होतो.) समोर कमिशनर आमेगा. बारीक, स्वच्छ, हातात भिंग. मारहाण नाही. फक्त दर तासाला तोच प्रश्न.

पहिले दोन दिवस त्यांना "जि" हवा होता.

"ही खूण कसली?"

"गिरणीची."

"गिरणीचं नाव आधी आहे. ही खूण नंतर आहे. आम्ही बाजारातून कापडं गोळा केली. नऊ वर्षं, प्रत्येक कापडावर ही खूण. नऊ वर्षं कोण कोणाला काय कळवत होतं?"

"ते माझं नाव आहे साहेब. पहिलं अक्षर."

"कशासाठी?"

काय सांगणार? मी म्हटलं, "असंच. बरं वाटतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. "बरं वाटतं." मला वाटतं त्या फाइलमधलं तेवढं एकच वाक्य त्यांना खरं वाटलं, कारण मग त्यांनी भिंग ठेवलं आणि पट्ट्याकडे वळले.

"ऑर्डर मादाम बारोमाची, ते आम्हाला माहीत आहे. पण फोटोत पट्टा नव्हता. पट्टा काढला कुणी? चेहरा छापणं हे गिरणीचं काम. पट्टा काढणं म्हणजे देशद्रोह. नक्षी तुमच्याकडे कोकू दोसू काढतो. बरोबर?"

आता इथं मी काहीतरी शूर केलं असं कुणी समजू नये. भीतीनं माझं फ्रेंच निघून गेलं होतं, मी मराठीत "आई गं" म्हणत होतो आणि लेखनिक त्याचं स्पेलिंग विचारत होता. पण तेवढ्यात कमिशनर कापडावर बोट फिरवत म्हणाले, "कारागीर आहे मात्र हा कोकू. रेशमासारखं उतरलंय."

कोकू? कोकूनं काढली नुसती रेघ! तीन जाळ्या कुणाच्या? कडेची चमक कुणाची? नऊ वर्षांतलं एकुलतं एक चांगलं काम, आणि नाव त्याचं?

"पट्टा मी काढला," मी म्हणालो. फ्रेंचमध्ये, एकही चूक न करता.

"विचार करून बोला, मास्तर."

"लिंबू पिवळा चाळीस, नारिंगी सहा, तपकिरी चिमूटभर. विचारा कोकूला, त्याला हे येतं का बघा. त्याचा काही संबंध नाही. तो तर कापड जाळायला निघाला होता."

कमिशनरनी पेन खाली ठेवलं.  "तुम्हाला कल्पना आहे का, तुम्ही काय कबूल केलंत?"

कल्पना नंतर आली, कोठडीत, हळूहळू, पायांपासून वर. आत्मप्रौढीनं मेलेला इचलकरंजीचा पहिला माणूस. पहिला नसेनही. पण इतक्या लांब येऊन मेलेला पहिला.

आज सकाळी दहाला बाहेर गलका. मग एकदम शांत. मग पळापळ. कोठडीचं दार उघडलं ते एका शिपायानं, पाठमोरं, चाचपडत. "चल. चल लवकर. समोर बघू नकोस." बोळात सगळे पोलीस भिंतीला नाक लावून उभे. कमिशनर आमेगा डोळे घट्ट मिटून टेबलाशी, सुटकेच्या कागदावर सही करताहेत, सही कागदाच्या बाहेर टेबलावर चाललीय.

आवारात चाळीस बायका. एकही साठीच्या आतली नाही, आकुवी सोडून. सगळ्यांच्या अंगावर माझं कापड, "सासू झोपली" पासून सगळं, आणि सगळ्यांचा उजवा हात कमरेच्या गाठीवर. मधोमध मामा आयेले.

"दोन मोजून झालेत, कमिशनर!" त्या ओरडल्या. "तीन म्हणू का?"

"नको मामा! आला! बाहेर आला!"

आकुवीच्या अंगावर अजून तेच कापड. गाठ बरोबर कर्नलच्या गळ्यावर आली होती आणि तिचा हात गाठीवर. एवढंच बघितलं आणि मी दोन्ही हातांनी डोळे झाकले. डोळे झाकून पायरी उतरताना पडलो. गुडघा फुटला. चार दिवसांच्या कैदेतली एवढी एकच जखम.

१६ मार्च

कामावर गेलो. चार हजार वार पोलिसांनी जाळले. काळा धूर फाटकावरून दिसला. मी बघितलं नाही. कोकूनं बघितलं, आणि म्हणाला, सोनेरी सगळ्यात शेवटी जळालं. माणूस चांगला आहे.

मग मला चहा देताना म्हणाला, "मास्तर, तुम्ही माझं नाव घेतलं नाही."

मी म्हटलं, घेणारच होतो, पण श्रेय द्यायचं जिवावर आलं.

"हो का," कोकू म्हणाला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत उभा राहिला. मानेचं खरंच दाखवायला हवं.

सुलोचनाला फोन केला. सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, या परत. मग म्हणाली, पट्टा खरंच एवढा चांगला झाला होता का वो? म्हटलं, हो. म्हणाली, फोटो तरी काढायचा होता.

१९ मार्च

संध्याकाळी पाचला मामा आयेले आल्या. पासपोर्ट आणून दिला. कर्नलच्या टेबलात सापडला म्हणे. तो यांच्या हाती कसा आला ते विचारायचं राहून गेलं. नक्कल कापडाच्या बोटी बंद झाल्यात, मेव्हणाही औषधोपचाराला गेलाय. देव मामांच्या पाठीशी आहे. एकामागून एक गोष्टी त्यांच्या मनासारख्या घडताहेत.

मी त्यांच्या पाया पडलो. म्हटलं, मामा, माझ्या त्या खुळ्या नियमामुळं तुम्ही सगळ्या संकटात आला असता. ऑर्डर तुमच्या हातून आलेली, चिंध्या तुमच्यासमोर गेलेल्या. आता बंद. उद्यापासून चाचणीचं सगळं कापड जाळणार.

"अजिबात नाही," मामा एकदम म्हणाल्या. मग हसल्या, खुर्ची बोलली. "गरिबांच्या तोंडचा घास काढतोस? चांगला नियम आहे, बाळा. तुझ्या निरोपाच्या भाषणात मी स्वतः सांगेन. तू रंगाकडे बघ, बाकीचं राहू दे."

किती मोठं मन. मला भरून आलं.

जाताना गाडीत बसता बसता म्हणाल्या, कमिशनर आमेगाची बायको येईल एखाद दिवशी, मीच आणीन. तिच्या नवऱ्याचाही पन्नासावा आहे यंदा. आणि त्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या चिंध्या आत्तापासून माझ्या नावानं ठेव.

मी म्हटलं, मामा, अजून ऑर्डर नाही, नक्षी नाही, चिंध्या कसल्या ठेवू?

"होतील," त्या म्हणाल्या.

लिहून ठेवलंय. विसरायला नको.